हात पाठीमागे

ओदिलीचं घर शोधायला पत्ता लागत नसे. ग्वासिमो गावाच्या रस्त्यावर बसमधून उतरायचं आणि नाक नेईल तिकडे चालायचं. नासलेली केळी, आंबलेला अननस आणि त्यावर शिंपडलेली उसाची दारू यांचा गोडसर, डोक्यात जाणारा वास तिच्या कुंपणापासूनच सुरू होई. मायेला नावाची तिची शेजारीण म्हणायची, "अख्ख्या वस्तीत दारूच्या थेंबाला न शिवणारी बाई ही एकटी, आणि गुत्त्याचा वास सुटतो तो हिच्याच अंगणातून."

हा सगळा पाहुणचार फुलपाखरांसाठी होता. परसात, केळीच्या बनाला लागून तिचं जाळीघर होतं. लाकडी खांबांवर काळी जाळी ताणलेली, आत दमट सावली, आणि त्या सावलीत घुबडं राहत. खरी घुबडं नव्हेत. पण त्या भागात त्या फुलपाखराला सगळे घुबडच म्हणत. पंख मिटून खोडावर बसलं, की पंखावरचा मोठा वाटोळा डोळा बघणाऱ्यावर रोखलेला असे. आकाराने बाईच्या तळहाताएवढं. ओदिली त्यांची अंडी वेचायची, अळ्या वाढवायची आणि कोष तयार झाले की कापसाच्या थरात ठेवून खोकी भरून द्यायची. खोकी गाडीने राजधानीला जात, तिथून विमानाने थंड देशांत, जिथे लोक काचेच्या घरात शिरून फुलपाखरं बघतात. आपली घुबडं कुठे जाऊन उमलली, कुणी पाहिली, हे तिला कधी कळायचं नाही. त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती.

तिची तक्रार होती ती जवळच्याच एका माणसाबद्दल. ज्याचा जन्म त्या अळीच्या पाठीमागे गेला, त्याने तिचं फुलपाखरू एकदाही जवळून पाहिलं नव्हतं. आणि तो माणूस तिच्याच घरात, तिच्याच चुलीवरचं जेवून राहत होता. तो तिचा बाप, एवेलिओ.

एवेलिओची उमेदीची वर्षं दक्षिणेला, गोल्फितोकडच्या केळीच्या मळ्यांत खर्ची पडली. तो तिथे अळीमाऱ्यांच्या टोळीत होता. घुबडाची अळी दिवसा हलत नाही. पानाच्या मधल्या दांड्याला लागून, एकीच्या शेपटीला दुसरीचं डोकं अशा ओळीने त्या पडून राहतात. रंग वाळक्या शिरेसारखा, त्यामुळे नवख्याच्या नजरेला दिसतही नाहीत. संध्याकाळी मात्र खायला लागल्या की सकाळपर्यंत पानाचा नुसता सांगाडा उरतो. काठीने झोडलं तर पान फाटतं, आणि पान फाटलं तर घड बारीक राहतो. म्हणून टोळीतली माणसं हाताने अळ्या उचलत आणि मुठीत चिरडत. पानाला ओरखडा येऊ द्यायचा नाही, ही त्या कामाची अट. एवेलिओचा हात त्यात असा बसला होता, की मुकादम नव्या माणसांना त्याच्यामागे उभं करून म्हणायचा, "याचे हात बघा. तोंड बघू नका, तोंडात काही नाही."

अळी दाबली की मानेखालून एक घाण वास सोडते. तो हातांना चिकटतो. ओदिली लहान असताना तिची आई नवऱ्याला लिंबू आणि राख लावून हात धुतल्याशिवाय पोरीला उचलू देत नसे. त्यामुळे ओदिलीच्या मनात बापाच्या हाताचा वास म्हणजे लिंबाचा वास.

ओदिलीचं लग्न होऊन ती इकडे पूर्वेला आली. नवरा उत्तरेला कामाला गेला तो तिकडचाच झाला. ती केळी भरण्याच्या शेडमध्ये दिवसभर पाण्याच्या हौदाशी उभी राहून घड धूत असे. एका संध्याकाळी शेडमागे फेकलेल्या नासक्या फळांवर एक घुबड बसलेलं तिला दिसलं. घरी जायची घाई असूनही ती वाकली, मग गुडघ्यांवर बसली. लांबून जे घुबड होतं ते जवळ गेल्यावर नाहीसं झालं. डोळा हा डोळा नव्हताच. काळं वर्तुळ, त्याला पिवळी कड, आणि वरच्या अंगाला एक पांढरा ठिपका, जणू कुठल्याशा खिडकीचा उजेड त्यावर पडलाय. त्याच्या भोवती तपकिरी, करड्या, पांढुरक्या बारीक रेघा, इतक्या बारीक, की एवढं काम कुणी कशासाठी केलं असेल असं तिला वाटलं. फुलपाखराने घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळलेली सोंड उलगडून केळ्याच्या गरात घातली. तिचा श्वास पंखाला लागत होता तरी ते हललं नाही. अंधार पडला आणि बस चुकली. ती चालत घरी आली. पुढे कोष विकत घेणारा एक माणूस त्या भागात फिरायला लागला तेव्हा तिने शेड सोडली आणि जाळी आणली. मायेला तेव्हाही म्हणालीच होती, "नवरा उडाला तेवढं पुरे नाही झालं, आता आणखी उडणारी पाळतेस?"

आई गेल्यावर एवेलिओ लेकीकडे आला. सोबत एक पिशवी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला कोयता. दुसऱ्या दिवशी सकाळी परसात जाऊन त्याने केळीच्या पानांवर चढवलेल्या जाळीच्या पिशव्या पाहिल्या, त्यांतल्या अळ्या पाहिल्या आणि खदाखदा हसला.

"पोरी, हे काय? यांना खायला घालतेस?"

"घालते, पापा. त्यांच्यावरच आपण खातो."

"आमचा मुकादम आज असता तर तुला झाडाला बांधली असती आणि मला नोकरीवरून काढलं असतं."

"आत चला ना, फुलपाखरं दाखवते."

"अळी पाहिली तेवढी पुष्कळ. तिची आई कशाला बघू?"

असं तो दर वेळी म्हणायचा. जाळीघराचे दोन कुजके खांब त्याने बदलून दिले, तेही बाहेरून. दाराला नवी बिजागरी बसवली. पहाटे उठून कापडी गाळणीतून कॉफी गाळायचं काम त्याने न सांगता आपल्याकडे घेतलं. ओदिली उठायची तेव्हा कप तयार असे आणि तव्यावर मक्याची तोर्तिया गरम होत असे. पण आत पाऊल टाकलं नाही. मळ्यात असताना घुबडं उडायच्या वेळी तो बराकीत पत्ते कुटत बसलेला असायचा, आणि आता त्या वेळेला तो पायरीवर बसून रेडिओ ऐकायचा.

ओदिलीला यात अपमान वाटे. तिला बापाकडून शाबासकी नको होती. आपण या गोष्टीपायी जन्म का घालवला, हे त्याने एकदा वाकून, डोळ्यांनी बघावं, एवढंच तिला हवं होतं. ते तोंडाने सांगता येण्यासारखं नव्हतं. "उद्या चला," ती म्हणायची. "उद्या," तोही म्हणायचा.

हळूहळू तो विसरायला लागला. कॉफीत साखरेऐवजी मीठ पडलं. लेकीला तिच्या आईच्या नावाने हाक मारली. रेडिओ बंद असताना त्यातल्या निवेदकाशी भांडला. ओदिलीने हे वयावर ढकललं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सने गोळ्या लिहून दिल्या आणि त्या आणायला ओदिली अधूनमधून ग्वासिमोला जाऊ लागली.

त्या दिवशीही ती गोळ्यांसाठीच गेली होती. बनातल्या सगळ्या पिशव्यांमध्ये अळ्या पोसून तयार झाल्या होत्या, बोटापेक्षा लांब, आता खाणं सोडून कोष करायला जागा शोधतील अशा. घुबडंच हवीत अशी मोठी मागणी आली होती आणि तिने महिनोन्‌महिने त्याची तयारी केली होती. परतीच्या बसमध्ये मायेला भेटली. दोघी गप्पा मारत घरापर्यंत आल्या. मायेलाने कुंपणाशी सवयीने "उपे!" अशी, घरात कुणी आहे का विचारणारी हाळी दिली, तशी एवेलिओ परसातून पुढे आला. रबरी बूट चढवलेले, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, चेहरा असा उजळलेला की कित्येक महिन्यांत तो तसा दिसला नव्हता.

"या, या," तो म्हणाला. "झालं सगळं. साफ!"

"काय साफ, एवेलिओबाबा?" मायेलाने विचारलं. "लग्नबिग्न काढलंत की काय घरात?"

"केळी! आळसटांनी पिशव्या चढवून ठेवल्या होत्या वर. आत नुसती रास! पण ये, बघ पोरी. एक पान फाटलेलं दाखव."

तो जवळ आला आणि ओदिलीला वास आला. लहानपणी आई जो वास घरात येऊ देत नसे तोच.

ती परसात धावली. जाळीच्या पिशव्या त्याने एकेक सोडवून, नीट घडी घालून बाकावर रचून ठेवल्या होत्या. अळ्यांनी खाल्लेलं सोडलं, तर बनातली पानं हिरवीगार, सरळ, खरंच एकालाही त्याच्या हातचा ओरखडा नव्हता. खाली मातीत जे होतं ते तिने एकदाच पाहिलं.

एवेलिओ तिच्यामागे येऊन उभा राहिला. दोन्ही हात पुढे धरलेले, तळवे हिरवे-काळे झालेले, शाळेतलं पोर पाटी दाखवतं तसे.

ओदिली वळली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं, असं मायेला पुढे म्हणायची. ती म्हणाली, "या हातांना मारण्याशिवाय काही येतं का? आयुष्यभर मारत आलात आणि आता माझ्या घरात येऊनही मारलंत. यापुढे माझ्या कुठल्याही वस्तूला हे हात लावायचे नाहीत. कुठल्याही. कळलं?"

"ओदिली, अगं," मायेला म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस."

एवेलिओने हातांकडे पाहिलं. मग लेकीकडे, मग पुन्हा हातांकडे. "पान तर फाटलं नाही," तो हळूच म्हणाला. पिंपापाशी जाऊन त्याने हात धुतले. बराच वेळ धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी नव्हती. एवेलिओ पायरीवर बसला होता. ओदिलीने कॉफी गाळली, कप त्याच्यासमोर ठेवला. त्याने तो उचलला नाही. ती आत वळली तेव्हा उचलला. रुसलाय, तिला वाटलं. रुसू दे. तिला तिचंच दुःख पुरेसं होतं. कोष घेणाऱ्या माणसाला फोन करून सांगायचं होतं की घुबडं नाहीत, आणि मागणी दुसऱ्या कुणाकडे गेली हे ऐकून घ्यायचं होतं. जाळीघरात जी थोडी फुलपाखरं उरली होती त्यांच्या अंड्यांवर सगळं पुन्हा उभं करायचं होतं.

दोन-चार दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की बाप चालतो तेव्हा हात पाठीमागे धरतो. एका हाताने दुसऱ्याचं मनगट पकडून. दारातून जाताना आधी अंग आकसून घेतो. मांजर पायात घोटाळलं तरी वाकत नाही. भिंतीवरचं येशूचं चित्र वाकडं झालं होतं. पूर्वी तो येता-जाता ते सरळ करायचा, आता त्याच्यासमोर उभा राहून मान वाकडी करून बघायचा. मायेलाची नातवंडं आली तेव्हा सगळ्यात धाकटीने त्याच्याकडे हात पसरले. तो दोन पावलं मागे सरला आणि ओदिलीकडे बघायला लागला.

"त्याला काहीतरी बोल," मायेला म्हणाली. "दोन शब्दांचं काम आहे."

"त्यांच्या लक्षात तरी आहे का मी काय बोलले ते?"

"तुझ्या आहे ना? मग बोल."

पण त्या घरात चुकलं म्हणायची रीतच नव्हती. आई भांडण झालं की दुसऱ्या दिवशी मांस आणि कंदमुळं घालून मोठं पातेलंभर रस्सा करायची; तो वाढला की भांडण मिटलं असं सगळ्यांनी समजायचं. ओदिलीने तोच रस्सा केला, मक्याचं कणीस आणि हिरवी केळी घालून. एवेलिओने मिटक्या मारत खाल्ला. तिला वाटलं, मिटलं. ताट संपलं, त्याने चमचा खाली ठेवला, उठला आणि हात पाठीमागे घेतले.

तिने ठरवलं, कोष पुन्हा तयार होऊ देत, मग बसून बोलू. कोष तयार झाले तेव्हा खोकी भरायची घाई होती. मग नाताळ आला, केळीच्या पानात मक्याच्या पिठाचे तामाल बांधायचे होते, बाया जमल्या होत्या. इतक्यांसमोर काय बोलायचं? मग पावसाने जाळी फाडली. असं करता करता वर्ष सरलं, आणि एवेलिओच्या आतलं एकेक घर रिकामं होत गेलं. मुकादमाचं नाव गेलं. गोल्फितो गेलं. अळ्या गेल्या. ज्या दिवशी ते घडलं होतं तो दिवसही गेला असणार. राहिले ते पाठीमागचे हात. कशासाठी ते तिथे आहेत हे त्याला सांगता आलं नसतं, पण ते तिथून हलत नव्हते.

एका संध्याकाळी ओदिली जाळीघरात जायला निघाली तेव्हा तो तिच्यामागून चालत आला. तिने बोलावलं नव्हतं. बोलवायचं तिने केव्हाच सोडून दिलं होतं. दार उघडून ती बाजूला झाली आणि तो जाळीच्या आत पाऊल टाकून उभा राहिला.

घुबडांची उडायची वेळ होती. दिवसभर खोडांना चिकटून बसलेली फुलपाखरं एकेक करून सुटत होती. त्यांच्या पंखांचा आवाज येतो, कुणीतरी हळूच कापड झटकावं तसा. उडताना पंखांची वरची बाजू दिसते, तिच्यात गडद निळं काहीतरी हलतं आणि विझतं. एवेलिओ तोंड उघडं ठेवून मान वर करून बघत होता.

ओदिलीने नासक्या केळ्याच्या रसात बोट बुडवून एका घुबडासमोर धरलं. ते पायांनी चाचपत बोटावर चढलं. तिने बोट बापाच्या चेहऱ्याशी नेलं. तो वाकला. आणखी वाकला. त्याचं नाक पंखाला टेकायचं राहिलं एवढंच. त्याने बराच वेळ पाहिलं. आधी डोळा, मग पांढरा ठिपका, मग रेघा. रेघांवरून त्याची नजर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जात होती.

"हे कुणी केलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. अळीतून होतं. केळीवरच्या."

"काहीतरीच थापा मारता, बाई!" तो हसला. "अळीतून म्हणे. बघा, बघा, जीभ काढली त्याने!"

तो तिला 'बाई' म्हणाला, अनोळखी माणसाला म्हणतात तसं. हे अलीकडे होत असे.

"हात पुढे करा," ती म्हणाली. "तुमच्या बोटावर बसवते. काही करत नाही ते."

"छे, छे." तो झटकन सरळ झाला. पाठीमागे एका हाताने दुसरा घट्ट आवळला. "हात नाही लावायचा. माझी मुलगी रागावते."

"नाही रागावणार."

"तुम्ही ओळखत नाही तिला. मनाने चांगली आहे. पण एकदा बोलली की बोलली."

"तिला वाईट वाटतंय. केव्हापासून वाटतंय."

"मग येऊन सांगावं की तिने," एवेलिओ म्हणाला. "मी कुठे जातोय? पायरीवरच तर बसलेला असतो."

ओदिलीने घुबडाला खोडावर उतरवलं. "पापा," ती म्हणाली, "मीच ती. मी ओदिली. मी बोलले ते चुकलं माझं. माझ्या जाळीघराचे खांब या हातांनी उभे केलेत."

त्याने तिच्याकडे वाकून पाहिलं, आत्ता फुलपाखराकडे पाहिलं तसंच, कपाळापासून हनुवटीपर्यंत. सभ्यपणे पाहिलं. मग मान हलवली.

"नाही हो. ती तरुण आहे."

ती त्याच्या मागे गेली आणि तिने त्याचे हात धरले. सोडवून पुढे आणायचा प्रयत्न केला. ते हात अजून मळ्यातले होते. एकमेकांना धरून राहिले. तिने जोर केला तसा तो कळवळला, म्हणून तिने सोडलं आणि नुसते आपले हात त्यांवर ठेवून उभी राहिली. त्याला त्याची अडचण वाटली नाही. तो वर बघत होता.

"एक काम कराल, बाई?" थोड्या वेळाने त्याने आवाज खाली आणून विचारलं.

"काय?"

"मी इथे आत आलो होतो हे तिला सांगू नका."

"नाही सांगणार," ओदिली म्हणाली.